गाडीवान गाडीत का चढला? (आठवीच्या वर्गात भेदभाव शिकवताना)

खडू_फळा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

मी तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत मराठी आणि इतिहास शिकवतो. एकवीस वर्षं झाली. ७ नोव्हेंबरला शाळाशाळांत विद्यार्थी दिवस असतो. १९०० साली याच तारखेला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं, म्हणून २०१७ पासून शासनाने तो ठरवून दिलाय. दरवर्षीचं ठरलेलं असतं: फोटोला हार, दोन भाषणं, 'ते अठरा अठरा तास अभ्यास करायचे', टाळ्या, आणि पुढचा तास गणिताचा.

यंदा म्हटलं, भाषण नको, त्यांनी स्वतः लिहिलेलं वाचून दाखवू. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं आठवणींचं छोटं टिपण आहे, मराठी अनुवाद मिळतो. त्यातला शाळेचा प्रसंग घेतला. वर्गात बसायला वेगळं गोणपाट. शाळा झाडणारा माणूस त्याला हात लावणार नाही, म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. तहान लागली तर नळ शिपायाने सोडायचा. शिपाई नसेल तर पाणी नाही.

वर्ग चिडीचूप होता. मला वाटलं, जमतंय. मान वर केली तर सात-आठ डोकी एकाच बाजूला वळलेली, शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाकडे. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही. नुसतं बघितलं. तो खाली मान घालून वहीत रेघा ओढत होता.

मी घाईघाईने पान उलटलं. घंटा झाली.

भेदभाव वाईट असतो हे शिकवायला गेलो आणि एका तासात एका पोराला वेगळं बसवून आलो. गोणपाट तेवढं द्यायचं राहिलं.

इथे शिक्षक आहेत, पालक आहेत, त्या दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसलेलेही असतील. तुम्ही हे कसं शिकवता, किंवा तुम्हाला कसं शिकवलेलं चाललं असतं? 'सोडून द्या' हा सल्ला नको आहे.

मोरपंखी

वाचतेय. धाग्याबद्दल आभार. शेवटून दुसरा बाक डोळ्यांसमोर आला.

तात्या_पेठेतले

माफ करा मास्तर, पण हा उद्योग हवाय कशाला? मी १९७४ ची मॅट्रिक. वर्गात कोण कुठल्या जातीचा हे आम्हाला ठाऊकसुद्धा नव्हतं. डबे एकत्र खायचो, विटीदांडू एकत्र खेळायचो. तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या डोक्यात हे आधीपासून भरलं की ती विसरणार कधी? पोरं वळून बघत होती ती तुम्ही वाचलंत म्हणूनच ना!

निळा_पेन

तात्या, ठाऊक नव्हतं ते तुम्हाला. ज्याला ठाऊक होतं तो डबा उघडायच्या आधी आज आईने आत काय दिलंय ते आठवून बघायचा.

आणि मास्तर, पोरांना तुमच्या वाचनामुळे कळलं असं समजू नका. कुठल्या बाकाकडे बघायचं हे त्यांना तुम्ही शिकवलेलं नाही. ते आधीच पक्कं होतं, म्हणून तर सगळी एकाच बाजूला वळली.

माझं सांगतो. आमच्या शाळेत जून-जुलैत क्लार्क दारात यायचे आणि म्हणायचे, "सवलतवाले उभे राहा." आम्ही अकरा जण उभे राहायचो. फॉर्म, दाखल्याची झेरॉक्स, उत्पन्नाचा दाखला, कोणाचं काय राहिलं ते नावानिशी मोठ्याने. बाकीचा वर्ग बसून बघायचा. पाचवी ते दहावी, सहा वर्षं उभा राहिलो. समतेवरचा धडा कुठल्या इयत्तेत होता ते आज सांगता येणार नाही. उभं राहिल्याचं मात्र सगळं आठवतं, समोरच्या मुलीच्या रिबिनीचा रंगसुद्धा.

तेव्हा धडा कुठला घ्यायचा ते नंतर बघू. तुमच्या शाळेत फॉर्म कसे भरून घेतात ते आधी बघा.

खडू_फळा

निळा_पेन, उत्तर द्यायला दोन दिवस लागले. गेल्या आठवड्यातच मी वर्गशिक्षक म्हणून कोणाच्या जातीच्या दाखल्याची झेरॉक्स आली नाही ते हजेरीपुस्तकावरून मोठ्याने वाचलंय. त्यात त्याचंही नाव होतं. हे तुम्ही लिहीपर्यंत माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

आता चिठ्ठी घरी पाठवायची आणि फॉर्म ऑफिसात घ्यायचे असं क्लार्कशी बोललो. तो म्हणाला, "सर, त्यात वेळ जातो." जाऊ दे म्हटलं.

इंद्रधनू_७

एक उपक्रम सुचवते. १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी आयोवातल्या रायसव्हिल गावात जेन एलियट या बाईंनी तिसरीच्या वर्गावर एक प्रयोग केला. निळ्या डोळ्यांची मुलं आणि तपकिरी डोळ्यांची मुलं असे गट केले. एक दिवस एका गटाला शहाणं ठरवलं, सवलती दिल्या, दुसऱ्याला मठ्ठ म्हटलं. नंतर उलटं. मुलं तासाभरात एकमेकांशी वाईट वागायला लागली. आपल्याकडे रंगीत फिती बांधून करता येईल. अनुभवातून जे कळतं ते वाचून कळत नाही.

निळा_पेन

ताई, त्या बाईंच्या वर्गात सगळी गोरी मुलं होती. ज्यांना कधी अनुभव नव्हता त्यांना तो एक दिवस चाखायला दिला. मास्तरांच्या वर्गात तसं नाहीये. ज्या मुलाने हे घरी, नळावर, लग्नाच्या पंगतीत बघितलंय त्याला फीत बांधून तुम्ही नेमकं काय शिकवणार? आणि फीत संध्याकाळी सुटते.

इंद्रधनू_७

हा विचार केला नव्हता. बरोबर आहे. लहान मुलांना न सांगता असं करावं का, यावर तिकडेही बरीच टीका झालीय. मागे घेते.

सोनचाफा

मी निवृत्त शिक्षिका, एकतीस वर्षं मराठी शिकवलं. माझी चूक सांगते.

'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' मी किती वर्गांना शिकवलं असेन याची गणती नाही. चाल लावून. दृष्टान्त अलंकार, वरवरच्या रूपाला भुलू नये, भाव महत्त्वाचा, झालं. स्वतःला 'डोंगा' म्हणायची वेळ चोखोबांवर कोणी आणली हे एकाही वर्षी विचारलं नाही. मुलांनीही नाही. परीक्षेत येत नव्हतं ना!

शेवटच्या दोन वर्षांत त्यांचा दुसरा अभंग जोडीला घ्यायला लागले. 'धाव घाली विठू आता चालू नको मंद, बडवे मज मारिती ऐसा काही तरी अपराध.' पुढे आरोप येतो, विठोबाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात कसा आला? मुलांना म्हटलं, ही फिर्याद आहे असं समजून वाचा. मारतंय कोण, आरोप काय, पुरावा काय, साक्षीदार कोण? एक मुलगी म्हणाली, बाई, साक्षीदार विठोबाच आहे आणि तोच सावकाश चालतोय. मी खुर्चीत बसले ती बसलेच.

मग पंढरपुराचा नकाशा काढायचा. चोखोबांची समाधी कुठे आहे? महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. दाराबाहेर. ते दार दलितांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावं लागलं. चोखोबा चौदाव्या शतकातले. मधली वर्षं मुलांनाच मोजायला लावायची. वजाबाकी फळ्यावर आली की वर्ग बोलायला लागतो.

यात एक गोष्ट आपोआप साधली. प्रश्न सगळे बडव्यांबद्दल होते. चोखोबांची कीव करायला सवडच उरली नाही, त्यामुळे कुणाच्या बाकाकडे वळून बघायचं कारणही उरलं नाही.

खडू_फळा

सोनचाफाबाई, हे सोनं आहे. माझं तिथेच चुकलं असावं. मी 'बिचारे, किती सोसलं' या सुरात वाचत होतो, आणि वर्गाने त्या बिचाऱ्याला शोधून काढलं.

माळरान

बीड भागात शिकवतो. आमच्याकडे पटावर पारध्यांची सात मुलं आहेत. कंपासपेटी हरवली की आधी कुणाचं दप्तर उघडलं जातं, सांगायला नको. शिक्षकच उघडतात. मीही उघडलंय. कंपासपेटी नंतर तिच्या मालकिणीच्याच घरी सापडली. दप्तर उघडल्याबद्दल माफी मागायची असते हे तेव्हा सुचलं नाही.

इतिहासात मी आता १८७१ चा कायदा शिकवतो. इंग्रजांनी काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. पुढे तो आपल्याकडेही लागू झाला. ठरल्या वेळी चौकीवर किंवा पाटलाकडे हजेरी, गाव सोडायचं तर परवानगी, काहींना काटेरी तारांच्या वसाहतीत ठेवलं. सोलापुरात तो भाग अजूनही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो. देश १९४७ ला सुटला, ही माणसं ३१ ऑगस्ट १९५२ ला. अजूनही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. वर्गात हजेरी घेताना 'हजर सर' म्हणतात ना, त्याच शब्दावरून सुरू करतो. पोरांना 'हजेरी' शब्दाला दुसरा अर्थ आहे हेच माहीत नसतं. सातांपैकी दोघांना होतं. आजोबांकडून.

पुस्तकातलं म्हणाल तर लक्ष्मण गायकवाडांच्या 'उचल्या' या आत्मकथनातली निवडक पानं घेतो. सगळं आठवीला झेपत नाही, आणि काही पानं वाचून पोरं हसतात, ते सांभाळावं लागतं.

पावशेर_शहाणा

अवांतर: 'हजेरी घेणे' म्हणजे झापणे, तो अर्थही तिथूनच आला का?

माळरान

माहीत नाही हो. चांगला प्रश्न आहे, भाषेच्या धाग्यावर टाका.

सावित्री_काठ

महाडचा आहे, त्यामुळे राहवत नाही. चवदार तळं 'बाबासाहेबांनी पाणी प्याले' एवढ्यावर संपवू नका. त्याच्या मागचा आणि पुढचा कागद शिकवा.

१९२३ ला मुंबईच्या कायदे मंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. १९२४ ला महाड नगरपालिकेने आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं होतं. पण पाणी प्यायला कोणी जाऊ शकत नव्हतं. २० मार्च १९२७ ला परिषदेतली माणसं ओळीने चालत गेली आणि ओंजळीने प्याली. त्यानंतर मारहाण झाली, मग शेणगोमूत्राच्या घागरी ओतून तळं 'शुद्ध' केलं, आणि त्याच नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला. प्रकरण कोर्टात गेलं. वहिवाट अनादी काळापासूनची आहे हे वादींना सिद्ध करता आलं नाही आणि मुंबई हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. एका ओंजळीला दहा वर्षं.

माझी भाची सातवीत आहे. तिला हे सगळं सांगितल्यावर तिने एकच विचारलं: मामा, घागरी कोणी उचलल्या? म्हणजे त्यांची नावं कुठे असतील का? ती पुढे महाडमध्येच राहिली असतील ना? मी उत्तर दिलं नाही. आमचंही घर जुनं आहे.

बर्लिनची_शरयू

सावित्री_काठ, तुमच्या भाचीचा प्रश्न इथे शाळेत गृहपाठ म्हणून देतात!

बर्लिनमध्ये फुटपाथवर घरांसमोर तळहाताएवढ्या पितळी पाट्या बसवलेल्या आहेत. 'इथे राहत होते', मग नाव, जन्मसाल, कधी नेलं, कुठे मारलं. गुंटर डेम्निग या कलाकाराने १९९० च्या दशकात सुरू केलेलं काम. लेकीच्या वर्गाला नववीत आपल्या रस्त्यावरची एक पाटी घेऊन शोध घ्यायचा होता. मला वाटलं, त्या कुटुंबाची दुःखाची कहाणी लिहायची असेल. शिक्षिकेचे प्रश्न वेगळे होते. त्यांना नेल्यानंतर त्या घरात कोण राहायला आलं? कपाटं, भांडी, पलंग कुठे गेले? नेलेल्या ज्यूंच्या सामानाचे इथे जाहीर लिलाव झाले होते आणि शेजारपाजारच्या लोकांनी ते विकत घेतलं होतं. त्याचे कागद पुराभिलेखात सापडतात.

घरी येऊन लेक सासूबाईंच्या (त्या तेव्हा पुण्याहून आल्या होत्या) मागे लागली, आजी, तुमच्या वाड्यात मागच्या दाराने कोण यायचं? सासूबाई म्हणाल्या, "जर्मनीचा अभ्यास करतेयस ना, तो कर."

मोरपंखी

शरयू, सासूबाईंचं वाक्य फ्रेम करून लावा.

तात्या_पेठेतले

मी पुन्हा आलो. वाद घालायला नाही.

बर्लिनवाल्या ताईंचं मागचं दार वाचलं आणि काल रात्री झोप लागली नाही. आमच्या वाड्यातही होतं. तिथल्या कोनाड्यात एक कप असायचा, कान तुटलेला. लाकडं फोडायला जो गडी यायचा त्याच्यासाठी. आई चहा वरून ओतायची. तो पिऊन, विसळून, पालथा घालून जायचा. त्याचा मुलगा माझ्या वर्गात होता. विटीदांडू खेळायचो ते त्याच्याशीच. तो आमच्याकडे पाणी मागायचा नाही. मला वाटायचं, त्याला तहान लागत नाही.

तरी मास्तर, आठवी लवकर होते असं माझं अजूनही मत आहे. दहावीनंतर शिकवा.

निळा_पेन

तात्या, तुमच्या त्या मित्राला कोणत्या इयत्तेत कळलं असेल?

पण लिहिलंत, बरं वाटलं. मनापासून.

सोनचाफा

मास्तर, एक सांगायचं राहिलं. सोसण्याच्या जोडीला वाद घालणारा आवाज द्या मुलांना. फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे. १८५५ ला 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला तेव्हा ती चौदा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या वर्गाच्याच वयाची. ती रडगाणं गात नाही. वेद जर फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्हाला धर्मपुस्तकच नाही, मग आम्ही धर्मरहित ठरतो, असा सरळ मुद्दा घालते आणि देवालाच विचारते की आमचा धर्म कोणता ते सांग. वकिलासारखं. शिवाय पावसाथंडीत छपराविना बाळंत होणाऱ्या बायांबद्दल लिहिते, आणि ते तेव्हाच्या पुरुष सुधारकांच्या लेखनातही क्वचितच दिसतं.

आणि कोल्हापूरचे गंगाराम कांबळे विसरू नका. पाण्याच्या हौदाला शिवल्यावरून मार खाल्लेला हा माणूस, त्याने चहाचं हॉटेल काढलं, आणि शाहू महाराज मुद्दाम तिथे थांबून चहा प्यायचे. बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही प्यावा लागायचा. मुलांना त्या अधिकाऱ्यांचे चेहरे रंगवायला सांगा, फार मजा येते.

खडू_फळा

सगळ्यांचे आभार. काल पुन्हा तास घेतला, ऑफ तास मागून. वृत्तांत देतो.

त्याच टिपणातला दुसरा प्रसंग घेतला. १९०१, उन्हाळा. बाबासाहेब नऊ-दहा वर्षांचे, भाऊ आणि भाचे बरोबर, वडिलांना भेटायला निघालेले. मसूर स्टेशनवर उतरले. चांगले कपडे, जरीच्या टोप्या, त्यामुळे स्टेशनमास्तर आधी गोड बोलतो. जात कळल्यावर चेहरा बदलतो आणि तो आपल्या खोलीत निघून जातो. बैलगाडीवाले दुप्पट भाड्यालाही नको म्हणतात. शेवटी तोड निघते: भाडं दुप्पट, गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने पायी चालणार. वाटेत पाणी नाही. टोलनाक्यावर स्वतःला मुसलमान सांगूनही पाणी नाही. आणि त्याआधीच, चार-पाच मैल गेल्यावर, तो गाडीवान एकाएकी उडी मारून गाडीत चढतो आणि हाकायला बसतो.

इथे थांबलो. पुस्तक मिटलं. फळ्यावर लिहिलं: 'गाडीवान गाडीत का चढला?'

पहिली पाच मिनिटं काहीच नाही. मग 'पाय दुखले असतील', 'अंधार पडत आला असेल', 'रस्त्यावर कोणी नव्हतं'. एक मुलगी म्हणाली, "सर, म्हणजे त्याला विटाळाची भीती नव्हतीच. लोकांची होती." मग वर्गात फाटाफूट झाली. निम्मे म्हणाले तो स्टेशनमास्तरपेक्षा बरा, निम्मे म्हणाले वाईट, कारण खोटं आहे हे त्याला कळत होतं. इतका गोंगाट झाला की शेजारच्या वर्गातून निरोप आला.

शेवटी कागद वाटले. स्टेशनमास्तर, गाडीवान, नाकेदार यांपैकी एकाचा जबाब लिहा, 'मी असं का वागलो'. बहुतेकांनी 'मालक काय म्हणतील', 'वरून आदेश', 'सगळे असंच करतात' असं लिहिलंय. एकाने स्टेशनमास्तरचं लिहिताना आपल्या आजोबांची वाक्यं जशीच्या तशी लिहिली असावीत, वाचताना मला आवाज ऐकू आला.

यावेळी कोणी वळून बघितलं नाही. बघितलं असेल तर मला दिसलं नाही, मी मुद्दाम फळ्याकडे तोंड करून उभा नव्हतो.

शेवटून दुसऱ्या बाकावरून आलेला कागद सगळ्यात लहान आहे. गाडीवानाचा जबाब. तीन ओळी. त्याला विचारून इथे देतोय, नावाशिवाय चालेल म्हणाला:

"मी चार मैल पायी चाललो. बैल त्यांच्या पुढे चालत होते, बैलांना काही झालं नाही. मग मी चढलो."

सावित्री_काठ

तळ्यावरही गुरं पाणी पीत होतीच.

माळरान

मास्तर, जबाबाची कल्पना उचलतोय. आमच्याकडे 'दप्तर उघडणाऱ्या शिक्षकाचा जबाब' करून बघतो. पहिला मीच लिहीन.

इंद्रधनू_७

मुक्ताच्या निबंधाची सोपी प्रत कोणाकडे आहे का? जुनी भाषा माझ्या मुलीला अडते.

सोनचाफा

आहे. कठीण शब्दांचे अर्थ समासात लिहिलेत, हस्ताक्षर माझं आहे, चालवून घ्या. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.